परत करायचं कारण

(रिसोडमधलं धान्याच्या आडतीचं दुकान. पांढऱ्या चादरीच्या गादीवर मधोमध एक काळी-लाल, उंच पाठीची गेमिंग चेअर. तिच्यात दुकानाचे म्हातारे मालक भागचंद. बाजूला त्यांचा नातू नमन. दुपारचे तीन.)

नमन: आता? आता टेकली का कंबर?

भागचंद: टेकली. पण मांगून कोणी बोट लावल्यावानी टोचून राह्यलं.

नमन: ते बोट नाही दादाजी, लंबर सपोर्ट आहे. कमरेचा आधार. ही बाजूची मूठ फिरवली की मागं-पुढं होतो. आता सांगा.

भागचंद: आता बोट गेलं, कोपर आलं.

नमन: थोडे मागं सरका. अजून.

भागचंद: सरकून तं राह्यलो. मी मांगं सरकतो, हे मले पुढं ढकलते.

नमन: ते प्लास्टिकमुळे. मला प्लास्टिक काढू द्या, नाही घसरणार तुम्ही.

भागचंद: पसंत पडल्याबिगर मालाचं प्लास्टिक फाडत नाई. वापस गेला तं समोरचा म्हणन, वापरून धाडला.

नमन: दहा दिवस झाले तुम्ही प्लास्टिकवर बसून मला सांगता, खुर्ची तापते, खुर्ची घसरते, खुर्ची चर्रचर्र वाजते. ते सगळं प्लास्टिक करते. खुर्ची त्याच्या खाली आहे. तुम्ही तिच्यावर अजून बसलेच नाही.

भागचंद: वरडू नको. दुकान हाय हे.

नमन: ओरडत नाही. तापते म्हणता ना, पंखा लावतो. सीटच्या खालून हवा येईल.

भागचंद: खालून?

नमन: खालून.

भागचंद: बंद कर बाप्पा. भलत्या जागी हवा लागते.

नमन: बरं, मसाज. एकदम बारीक ठेवतो. कसं वाटते?

भागचंद: दाळ मिलमध्ये बसल्यावानी. दात वाजून राह्यले माये.

नमन: इतक्यानं दात नाही वाजत.

भागचंद: कवळी वाजते. मले मालूम, तोंड मायं हाय. अन् हे पाठीमांगं लाल-निळं काय पेटलं? दिवाळीची लायटिंग अजून उतरवाचीच हाय काय?

नमन: ते गेम खेळणाऱ्यांसाठी असते. सोळा-सोळा घंटे बसतात ते लोक एका जागी.

भागचंद: सोळा घंटे खेळते? कामाले कोण जाते मंग?

नमन: तोच खेळ काम असतो काही जणांचं. ते जाऊ द्या. पाय टेकले का?

भागचंद: लोंबकळते.

नमन: सगळ्यात खाली घेतली आहे, याच्या खाली जात नाही. थांबा, हे फूटरेस्ट बाहेर काढतो. घ्या, ठेवा पाय वर. लांब करा.

भागचंद: असं?

नमन: असं. आरामात.

भागचंद: म्हणजे गिऱ्हाइक दुकानात आलं का पयले माये तळवे पाह्यन.

नमन: जाऊ द्या. घ्या पाय खाली. मले... मला काही समजत नाही आता. मी सगळ्या मुठी फिरवल्या, सगळे बटन दाबले. तीन घंटे लागले मला ही जोडायला. घड्याळ पाहा, तीन वाजले. वापस करायची मुदत आज संपते, पाचला कुरिअरवाला वाशीमहून गाडी घेऊन येऊन राहिला. ठेवायची की द्यायची, एक बोला.

भागचंद: देऊन टाक.

नमन: ठीक आहे. दिली. मोबाइलवर कारण विचारते. चार दिले आहेत, त्यातलं एक निवडायचं. पहिलं, माल खराब निघाला. दाबतो.

भागचंद: थांब. खराब कुठं हाय?

नमन: दहा दिवसांपासून तुम्हीच तर...

भागचंद: माल खराब नाई. मी पयल्याच दिवशी पाह्यला. शिलाईचे टाके मोजले, इंचात सात, शेवटपर्यंत सारखे. फोम दाबून सोडला तं सावकाश वर येते. खालचं लोखंड जाड हाय. तुया दादीनं वास घेतला, चामडं नाई ना म्हणून कंपनीले दोनदा फोन कराले लावला, तवा ते उंबऱ्याच्या आत आलं. सोयाबीन वल्लं असलं तं आपण वल्लं म्हणतो, वाळलं असलं तं वाळलं. चांगल्या मालाले खराब म्हणून वापस धाडणं हा आपला धंदा नाई.

नमन: मग दोन नंबर. माप जुळत नाही.

भागचंद: तेबी खोटं. पायाखाली ढेपेचं पोतं ठेवलं तं जुळते.

नमन: तीन नंबर. आता गरज राहिली नाही.

भागचंद: हे कोणं लिवलं?

नमन: कंपनीनं. सगळ्यांना हेच विचारतात, दादाजी.

भागचंद: ते नको दाबू.

नमन: मग एकच उरलं. इतर. खाली आपल्या शब्दांत लिहायचं. सांगा, लिहितो.

भागचंद: लिही का मालकाले घरी जाचं हाय.

नमन: दादाजी.

भागचंद: खरंच सांगून राह्यलो. चाल, स्कूटर काढ. साडेतीनच्या आत मले घरी सोड.

नमन: पप्पा बाजार समितीत लिलावाला गेले. ते येईपर्यंत दुकान कोणावर टाकू? अन् साडेतीनला काय आहे?

भागचंद: मदनसिंग येणार हाय. काल सोयाबीन घालून गेला, त्याचे रिकामे पोते राह्यले.

नमन: केनवडजवळच्या तांड्यावरचे मदनसिंगकाका? मग चांगलंच आहे की. तुमचे दोस्त आहेत ते.

भागचंद: म्हणूनच म्हणतो, त्याच्या आत सोड.

नमन: काहून?

भागचंद: काल तू खुर्ची घरून इथी आणली अन् मले बसवून निंघून गेला. तुले काय मालूम काय झालं.

नमन: सांगा ना मग.

भागचंद: चाळीस वर्षं झाले मदन या दुकानात येते. आला का चपला काढते अन् गादीवर माया बाजूले बसते, मांडीले मांडी लावून. मधात कागदावर नमुना वततो. दोघंबी दाणा दाताखाली धरतो. मंग तो एक भाव म्हणते, मी एक म्हणतो, तो रुसते, मी पाणी देतो. भाव निघते तोवर त्याच्या घरचं, माया घरचं, सगळं निंघते. काल आला तं उभा राह्यला.

नमन: उभे राहिले म्हणजे?

भागचंद: उभा. तहसीलात सायबासमोर उभे राह्यते तसा. मी वर, हा खाली. मुठीतला नमुना वर धरून म्हणते, पाहा शेठजी. मले शेठजी म्हणला तो. जन्मात त्यानं मले भागचंदभाऊबिगर हाक नाई मारली. मी वरून वाकून दाणा घेतला, भाव सांगितला, तो हो म्हणला. घासाघीस नाई, रुसणं नाई. दोन मिंटात गेला. मले वाटलं, मी मेलो हाय अन् माया फोटो भिंतीवर लावला हाय, अन् लोक खालून हात जोडून राह्यले.

नमन: म्हणजे खुर्चीत काही दोष नाही.

भागचंद: काहीच नाई.

नमन: अन् मी सकाळपासून मुठी फिरवून राहिलो. कालच सांगितलं असतं तर काय झालं असतं? काढून टाकतो मग ही. खाली बसा, गादीवर, पहिल्यासारखे. डॉक्टरांनी खाली बसू नका असं म्हटलंच नाही. एकट्यानं उठू नका, एवढंच म्हटलं.

भागचंद: तेच तं.

नमन: तेच काय? कोणीतरी हात देईल. पप्पा आहेत, हमाल आहेत, मी आहे.

भागचंद: त्याच्यावर बोलू नको तू.

नमन: बोलणार. तीन महिने झाले, तुम्ही घरात भिंतीकडे तोंड करून पडले आहात. दादी बोलली तर उत्तर नाही, पेपर उघडत नाही. मी बाजूच्या खोलीत काम करतो, भिंतीपलीकडून दिवसभर एक आवाज येत नाही तुमचा. मले भेव लागते, दादाजी. मीटिंग सुरू असते, मी मधूनच उठतो अन् दारात येऊन पाहतो, छाती हलते का नाही ते. म्हणून आणली ही खुर्ची. शौक म्हणून नाही आणली.

भागचंद: मीटिंगमधून उठून येतं तू?

नमन: हो.

भागचंद: मले वाटलं, पाणी प्याले येतं.

नमन: इतकं पाणी कोणी पितं का?

भागचंद: इकडं ये. अजून जवळ. मी पडलो त्या दिवशी तू पुण्याले होता.

नमन: पप्पांनी सांगितलं सगळं. पाय सुन्न झाले होते, गादीवरून उठायला गेले अन् वजनकाट्यावर पडले.

भागचंद: ते सगळ्याले मालूम हाय. बाजाराचा दिवस, दुकान भरेल. मदननं मले काखेत हात घालून उचललं, लेकराले उचलते तसं. अन् माया पायजमा ओला झाला होता, नमन.

नमन: पाण्याचा गडू सांडला होता ना. पप्पा तसंच म्हणाले.

भागचंद: गडू मंग सांडला. मदननं पायजमा पाह्यला अन् बाजूचा गडू पायानं लवंडून देल्ला. मोठ्यानं म्हणे, अरे, भाऊले भिजवलं म्या, पाह्यलंच नाई. कोणाले काही समजलं नाई. पण त्याले मालूम हाय, अन् मले मालूम हाय. इतके वर्षं ज्याच्या मांडीले मांडी लावून बसलो, त्याच्या डोयात कसं पाहू मी? लाज वाटते मले. भिंतीकडं तोंड केलं का कोणी दिसत नाई.

नमन: दादाजी, तुम्ही आजारी होते. त्यात लाज कसली?

भागचंद: चोवीस वर्षाच्या पोराले ते नाई समजत. या खुर्चीतून मी एकटा उठतो. दोन्ही हातावर जोर देल्ला का उठतो. तेवढ्यासाठी तुले हो म्हणलो, आता कोणाच्या हाताले लागाचं नाई म्हणून. पण वर बसलो तं मानसं तुटते. खाली बसलो तं उचलाले मानूस लागते. आता सांग, काय लिवशीन तुया मोबाइलवर?

मदनसिंग: हाय का कोणी? नमनबाबू, माये पोते राह्यले होते काल.

नमन: या काका, या. आत या.

भागचंद: पोते देऊन टाक त्याचे. कोपऱ्यात बांधून ठेवले हाय.

मदनसिंग: राम राम शेठजी.

भागचंद: हं.

नमन: काका, बसा ना.

मदनसिंग: नाई, उभाच बरा हाय. केनवडची जीप लागली, भरली का निंघते.

नमन: एक विचारू काका? काल तुम्ही उभे काहून राहिले?

भागचंद: नमन, पोते दे त्याले.

नमन: देतो. आधी विचारू द्या. ही खुर्ची मी आणली, चुकलं असेल तर माझं चुकलं. मला समजू तर द्या.

मदनसिंग: बसू कुठं, बाबू? एवढी थोरली खुर्ची गादीच्या मधात. तिच्या पायाशी बसू काय?

नमन: एवढंच?

मदनसिंग: नाई. एवढंच नाई. शेठजी, बोलू काय?

भागचंद: बोल.

मदनसिंग: तुमी पडले तवापासून मी तीनदा तुमच्या घरी आलो. तीनदाबी आतून सांगितलं, शेठ झोपले हाय. सकायच्या अकरा वाजता कोण झोपते? मी ओट्यावरूनच वापस गेलो. काल इथी आलो तं तुमी उंच बसेल, अन् माया तोंडाकडं पाहेनात, नुसतं दाण्याकडं पाहून राह्यले. मी समजलो. म्या त्या दिवशी अंगाले हात लावला, काखेत धरलं, ते तुमाले पसंत नाई पडलं. मोठ्या घरचे मानसं तुमी. मंग म्हणलं, आपून दुरूनच बरे. दूर उभं राह्यलं का शेठजीच म्हणा लागते.

भागचंद: अबे, तसं नाई. मदन, तसं नाई बापा.

मदनसिंग: मंग कसं हाय?

भागचंद: मले लाज वाटते तुयी.

मदनसिंग: मायी? म्या काय केलं?

भागचंद: तुवा नाई, म्या केलं. तुले मालूम हाय. त्या गडूचं.

मदनसिंग: गडूले माया पाय लागला होता.

भागचंद: तुवा मुद्दाम लवंडला. म्या पाह्यलं.

मदनसिंग: माया पाय लागला होता, भागचंदभाऊ. त्याच वक्ती सगळ्या दुकानाले सांगितलं म्या. सगळ्याईनं ऐकलं. तुमी एकटेच नाई ऐकून राह्यले.

भागचंद: तीन महिने झाले मी तेच घेऊन बसलो.

मदनसिंग: बसा मंग. मी तं ते कवाच इसरलो. मले फक्त तुमी झोपले हाय, तेवढंच ध्यानात राह्यलं.

भागचंद: झोपत नव्हतो. जागाच होतो.

मदनसिंग: ते बी मालूम हाय. तुमचं खाकरणं ऐकू येत होतं ओट्यावर.

भागचंद: नमन, ही खुर्ची काढ गादीवरून.

नमन: बरं. भरून ठेवतो, कुरिअरवाला येईलच.

भागचंद: कुरिअरवाल्याले नाई म्हणून सांग. खुर्ची घरी ने, तुया खोलीत. तू दिवसभर पलंगावर वाकून त्या लॅपटॉपमध्ये घुसेल राह्यतं, तुया पाठीचं काय होईन? माल खरंच चांगला हाय. अन् ते प्लास्टिक फाडून टाक एकदाचं.

नमन: आता फाडू?

भागचंद: पयले मले उतरू दे. मदन, इकडं ये. धर मले. काखेत धर. हां. मले खाली बसव, सावकाश.

मदनसिंग: टाका भार माया अंगावर. सगळा टाका. घाबरू नोका, धरेल हाय.

भागचंद: डावा गुडघा पयले वाकवू दे. हां. आता सोड हळूहळू. सोड. टेकलो. नमन, तो लोड दे मांगं. तू बी बस, मदन. तुयी जीप?

मदनसिंग: जाईन ते. दुसरी येते साडेचारले.

भागचंद: मंग बस ना.

मदनसिंग: बसतो, बसतो. भिंतीले धरून बसू द्या. अई. हां, बसलो.

भागचंद: ऊसतोडीले कवा निंघतं? दिवाळी तं झाली.

मदनसिंग: यंदा नाई जात. पोरगा राजपाल अन् सून निता गेले, दोघं. मुकादमानं माया चालण्याकडं पाह्यलं अन् म्हणे, काका, तुमी यंदा घरीच राहा. तीस वर्षं त्याच्या बापाच्या टोळीत कोयता चालवला म्या. पोरासमोर म्हणला तो.

भागचंद: काहून नाई सांगितलं मले?

मदनसिंग: कोणाले सांगू? तेच सांगाले तं घरी आलो होतो. तुमी झोपेल.

भागचंद: तिसऱ्यांदा आला तवा?

मदनसिंग: तिसऱ्यांदा. घरवाली सोनीबाई म्हणे, जा, भाऊपाशी बसून या घटकाभर, घरात नुसते कुढून राह्यले.

भागचंद: चुकलं मायं, मदन.

मदनसिंग: चुकलं तं चुकलं. कालच्या भावातबी चुकलं तुमचं. माल वाळेल होता, कमी सांगितला तुमी.

भागचंद: तू हो काहून म्हणला मंग?

मदनसिंग: उभ्यानं घासाघीस होते काय?

भागचंद: नमन, मदनच्या कालच्या मालातून मूठभर सोयाबीन आण. कागद आण. पुन्हा पाहतो. अन् चहा सांग.

नमन: आणतो. दादाजी, खुर्ची गाडीत टाकून दहा मिनिटांत घरी जाऊन येतो मग. तुम्हाला उठायचं असलं तर...

भागचंद: तू जाय बिनफिकीर. मदन उठवते मले.

मदनसिंग: भाऊ, त्याले थांबू द्या.

भागचंद: काहून? तू हाय ना?

मदनसिंग: हाय तं खरा. पण खाली बसलो का आता मलेबी एकट्याले उठता नाई येत.